एका दाताचा हिशोब

पेणहून रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारे आमचे एक स्नेही परवा घरी आले. ओव्हरटाइमच्या पैशातून मोटारसायकलची चेन बदलली, आणि तेव्हापासून नागोठण्यापुढच्या भिसे खिंडीत गाडी दम टाकू लागली, ही त्यांची तक्रार. मागे पत्नी बसलेली असेल तर अर्धा क्लच दाबूनच चढावे लागते. चौकशी केली तेव्हा कळले, की "अ‍ॅव्हरेज वाढेल" असे सांगून गॅरेजवाल्याने पुढचे स्प्रॉकेट एक दात जास्तीचे बसवले होते.

एका दाताने असा काय फरक पडणार? वाचकहो, आम्ही पडलो कारकून. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

समजा, पुढे १४ दात आणि मागे ४२. म्हणजे पुढचे चक्र ३ वेळा फिरले की मागचे चाक एकदा फिरते. पुढे १५ केले की हा आकडा २.८ होतो आणि १३ केले की ३.२३. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन दात! १५ दातांवर सपाट रस्त्याला इंजिन कमी फिरते, आवाज कमी होतो, थोडे पेट्रोलही वाचू शकते. पण चाकाला मिळणारी ओढ सुमारे ७ टक्क्यांनी घटते. १३ दातांवर ओढ वाढते, पण इंजिन जास्त फिरते, आणि लहान चक्रावर चेनला जास्त वाकावे लागत असल्याने ती लवकर झिजते.

इंजिनची ताकद तीच राहते. एका खात्यात जमा केले की दुसऱ्या खात्यात नावे पडणारच.

आता ज्याचा रस्ता वडखळपर्यंत सपाट आहे आणि जो एकटाच जातो, त्याला १५ दात चालतीलही. पण खिंड चढायची, मागे माणूस, पुढे तांदळाची पिशवी, अशा गाडीला ते परवडत नाही. खालच्या गिअरमध्ये रखडताना वाचलेले पेट्रोल जाते आणि क्लचप्लेटा जळतात तो खर्च वेगळाच. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की कंपनीने ठरवलेले दात सोडू नका. जुन्या चक्राचे दात दुकानात जाण्यापूर्वी स्वतः मोजा आणि कागदावर लिहून न्या.

आणखी काही गोष्टी. मागच्या चक्रावरची चेन बोटाने मागे ओढून पाहा. ती उचलून अर्धा दात दिसू लागला तर चेन संपली. दात कोयत्याच्या टोकासारखे वाकले असतील तर चक्रेही गेली. नवी चेन जुन्या चक्रांवर चढवू नका, तिन्ही वस्तू एकदमच बदला. जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला असावी. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल आणि खाडीकडची खारी हवा, त्यामुळे चेन पुसून तेल देण्याचा कंटाळा करू नये.

स्नेह्यांनी पुन्हा १४ दातांचे चक्र बसवले. एका चक्राचे पैसे वाया गेले खरे, पण रात्रपाळीला जाताना आता खिंडीची धास्ती वाटत नाही, असे त्यांच्या घरून कळले.