आमच्याकडे सगळेच घोरतात

लग्नाच्या आदल्या रात्री सीमांतपूजन उरकतं, जेवणं होतात आणि कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या ओळीने पडतात. दिवे मालवून अर्धा तास होत नाही तोच एका कोपऱ्यातून घोरणं सुरू होतं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अंधारात पोरं आवाजावरून माणसं ओळखतात. हे अण्णा, हे नाना, हा पुण्याचा दादा. सकाळी चहाला तोच विषय निघतो आणि कुणीतरी वडीलधारं माणूस समजूत घालतं, "अहो, आमच्याकडे सगळेच घोरतात. आजोबांपासून आहे ते."

माझं सांगणं या एका वाक्याबद्दल आहे. ते ऐकलं की सगळे निर्धास्त होतात. घराण्यातच आहे म्हणजे काळजीचं नाही, असा आपला हिशेब असतो. तो चुकीचा आहे. घराण्यात आहे म्हणूनच ते डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो, हे आधी सांगतो. पण काहींचं घोरणं मध्येच तुटतं. दहा, वीस, कधी तीस-चाळीस सेकंद काहीच आवाज नाही, आणि मग गुदमरल्यासारखा एक जोराचा हुंकार देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे जातो आणि हवेची वाट बंद होते. छाती हलत असते, हवा आत जात नसते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, पुन्हा झोप लागते, पुन्हा तेच. तासाला पाचापेक्षा जास्त वेळा असं झालं तर आजार धरतात, पंधरापासून मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. राहतं ते जड डोकं, दिवसभराची पेंग आणि गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब.

हा फक्त लठ्ठ पाश्चात्त्यांचा आजार आहे, असं समजू नका. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून तो २००४ साली प्रसिद्ध केला. ही माणसं स्वतःला धडधाकट समजत होती. त्यांच्यात झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रास असलेले ७.५ टक्के. तेरा-चौदा पुरुषांमागे एक.

आता घराण्याचं. एकाच कुटुंबात अनेकांना हा आजार असल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९७८ सालीच झाली आहे. पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला शेकडो कुटुंबांचा अभ्यास झाला. घरातल्या जितक्या जास्त जवळच्या नातेवाइकांना आजार, तितकी आपल्याला तो असण्याची शक्यता जास्त, आणि वजनाचा परिणाम बाजूला काढला तरी हे नातं टिकतं, असं त्यातून दिसलं. माणसामाणसांत या आजाराच्या तीव्रतेचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण ३५ ते ४० टक्के भाग आनुवंशिक असल्याचं मानतात. याचा अर्थ तुम्हाला आजार होण्याची शक्यता ४० टक्के आहे असा मुळीच नाही. फरकांचं मूळ शोधत गेलं तर तेवढा वाटा रक्ताचा निघतो, इतकंच.

पण बापाकडून मुलाकडे नेमकं काय येतं? आजार जसाच्या तसा येत नाही. येते ती घशाची घडण. घरातला जुना फोटोंचा अल्बम काढा आणि बाजूने घेतलेले चेहरे पाहा. आजोबांची हनुवटी आत गेलेली, वडिलांची तशीच, तुमचीही तशीच असेल, तर खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला आहे. जीभ पुढून हनुवटीच्या आतल्या हाडाला बांधलेली असते. जबडाच मागे असला की जिभेला जागा कमी पडते आणि ती घशाकडे सरकते. जागेपणी स्नायू तिला पुढे धरून ठेवतात, झोपेत ती पकड सुटते. टाळूची उंची, नाकातल्या वाटा, टॉन्सिलचा आकार यांतही घराण्याची छाप असते. चरबी शरीरात कुठे साठते हेही रक्तातून येतं. कुणाची मांड्यांवर, कुणाची पोटावर, मानेभोवती आणि चक्क जिभेत. श्वासाचं नियंत्रण करणारा मेंदू किती पटकन चाळवतो, यातही फरक असतात. या तीन-चार गोष्टी एकेकट्या फारसं बिघडवत नाहीत. एकत्र आल्या आणि चाळिशीत सात-आठ किलो वजन चढलं, की घसा मिटायला लागतो.

म्हणूनच सडपातळ माणसांनी 'मी कुठे जाडा आहे' म्हणून निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचा एक फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. अंगकाठी बारीक दिसली तरी आपल्या लोकांच्या पोटात आणि मानेत काय साठलंय हे काट्यावर कळत नाही. शिंप्याची टेप घ्या. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर लक्ष द्या.

रक्त देऊन जनुकं तपासून घ्यावीत का, असं हल्ली लोक विचारतात. या आजारासाठी त्यात पैसे घालू नका. फिनलंडच्या संशोधकांनी २०२१ साली दोन लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती चाळली, त्यात या आजाराचे सोळा हजारांहून अधिक रुग्ण होते. एवढ्या खटाटोपातून जनुकसंचातल्या पाच जागा हाती लागल्या. त्यातली एक लठ्ठपणासाठी आधीपासून माहीत असलेल्या एफटीओ जनुकातली. प्रत्येक जागेचा परिणाम इवलासा. असे धागे बहुधा शेकड्यांनी आहेत. तुमच्या आईला, वडिलांना, भावंडांना काय होतं, हे विचारून जेवढं कळेल तेवढं आज कुठल्याही जनुकीय अहवालातून कळणार नाही.

आणि विचारताना एक प्रश्न धीर करून विचारा. घरात कुणी पन्नाशी-साठीच्या आत झोपेतच गेलं होतं का? अशा मरणाला आपण सोन्यासारखं मरण म्हणतो आणि पुढे काही शोधत नाही. त्या माणसाला काय झालं होतं हे आता सांगता येणार नाही. पण अमेरिकेतल्या मिनेसोटातला २००५ सालचा एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. हृदय अचानक बंद पडून गेलेल्यांपैकी ज्यांना स्लीप अॅप्निया होता, त्यांच्यातले ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले. ज्यांना तो नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचं घोरणं लपवलं जातं. मुलगी घोरते ही गोष्ट स्थळं पाहायच्या दिवसांत घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि पुढे ती स्वतःच लपवायला शिकते. प्रवासात मुद्दाम जागी राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नवरा आधी झोपलेला, त्यामुळे तिचा श्वास अडतो हे पाहायला कुणी नसतं. ती डॉक्टरांना सांगते ते थकवा, सकाळची डोकेदुखी आणि झोप न लागणं, आणि घरी येते टॉनिकची बाटली घेऊन. पाळी गेल्यानंतर बायकांमधला हा धोका चांगलाच वाढतो. ताई, तुमच्या वडिलांना किंवा भावाला हा त्रास असेल तर तो वारसा फक्त मुलग्यांकडे जात नाही. डॉक्टरांना सांगा.

लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर 'बापावर गेलंय' म्हणून हसू नका. बहुतेकदा टॉन्सिल आणि अॅडिनॉइड वाढलेले असतात आणि त्यावर चांगला उपाय आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

वारसा बदलता येत नाही, पण त्याच्या जोडीला येणाऱ्या पुष्कळ गोष्टी बदलता येतात. विस्कॉन्सिनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासात १० टक्के वजन वाढलेल्यांचे श्वास अडण्याचे प्रसंग सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि १० टक्के उतरवलेल्यांचे २६ टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसाला हे आठ किलो. पाठीवर झोपण्याऐवजी कुशीवर झोपा. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी या आजारात खरोखर घातक आहेत, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर घरातला हा इतिहास भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. आणि जे गाडी चालवून पोट भरतात त्यांनी तपासणी अजिबात लांबवू नये. एक्स्प्रेसवेवरची दोन सेकंदांची डुलकी फक्त तुमचाच जीव घेत नाही.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. एक रात्र अंगाला तारा लावून झोपायचं, आता बऱ्याच जणांना घरीही करता येते. आजार निघाला तर सीपॅप नावाचं यंत्र आहे, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ साली ते जगापुढे आणलं. 'मशीन लावून कुठे झोपायचं' असं सगळेच म्हणतात. पहिले पंधरा दिवस जड जातात, ते काढा. सौम्य आजारात दंतवैद्य जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून देतात, तीही पुष्कळांना पुरते.

डॉक्टरांकडे जाताना सोबत दोन गोष्टी न्या. एक कागद, त्यावर आई, वडील, काका, मामा, भावंडं यांच्यापैकी कोण घोरतं, कुणाला रक्तदाब, कुणाला लकवा, कोण कितव्या वर्षी गेलं. जाड्या पेशंटला घोरण्याबद्दल विचारतात, पण घराण्याबद्दल फार कमी वेळा विचारतात, म्हणून तुम्हीच सांगा. दुसरं, रात्री फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग. माणूस गाढ झोपल्यावर, पहाटेच्या सुमारास घ्या, निदान पाच मिनिटांचं. घोरणं थांबलं की फोन बंद करू नका. मधली शांतता लांबते आहे, छाती हलते आहे आणि आवाज येत नाही, डॉक्टरांना नेमकं तेच पाहायचं असतं.