वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

धरणगाव परिसरातील शेतकरी कपाशीचे बियाणे घेताना चार दुकाने पालथी घालतो. वकील मात्र एस. टी. स्टँडवरील चहाच्या गप्पांत ठरवून मोकळा होतो. बांधाचा तंटा, वारसाची नोंद, भूसंपादनाचा मोबदला ही सारी कामे तालुक्याच्या गावी बहुधा एकच वकील पाहतो. यात कमीपणा नाही. जमिनीची व घराण्याची माहिती असलेला असा वकील पुष्कळदा शहरातील नामांकितापेक्षा अधिक उपयोगी पडतो. प्रश्न आहे तो पक्षकाराच्या मौनाचा. कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा उठतो. फी किती, पावती मिळेल काय, हे विचारणे उद्धटपणाचे वाटते. मिळणाऱ्या मोबदल्यातील हिस्सा फी म्हणून ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे कित्येकांच्या गावीही नसते.

फी न झेपणाऱ्यांसाठी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत आणले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यास हक्काचे रूप दिले. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमाती यांना तर उत्पन्नाची अटही नाही. पण तो अर्ज लिहून देणार कोण?

येथेच गावातील शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांचे कर्तव्य सुरू होते. कागद वाचू शकणारा माणूस हाच खेड्यातील पहिला सल्लागार. त्याने एवढेच बजावावे: वाचल्यावाचून सही नको, पावतीवाचून पैसा नको आणि वकिलाचा सल्ला खरेदीखतापूर्वीच घ्यावा. समन्स हाती पडल्यावर सुचलेले शहाणपण फार महाग पडते.