रमाबाईंचा हट्ट आणि दोन कलमे

पंडिता रमाबाईंवर प्रबंध लिहावा तो पुण्यात बसून, असे आमच्याकडे कुणीही सांगेल. आमच्या भाचीने तो धाराशिवला बसून लिहावयास घेतला आहे. परवा ती तणतणतच घरात आली.

"मामा, १८८३ साली बाई इंग्लंडात वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा घेतात आणि पुढे त्याच मठातल्या सिस्टरांशी वाद घालतात. आमचे सर म्हणतात, 'हट्टी स्वभाव' असे लिहा आणि पुढच्या प्रकरणाकडे वळा. मी नाही लिहिणार!"

पोरीचे म्हणणे मला पटले. शास्त्र कोळून प्यालेली बाई निव्वळ स्वभावापायी भांडेल? पण वाद कशावर होता हे कळायचे, तर तो मठ ज्या पंथाचा त्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा इतिहास वाचायला हवा. इथेच घोडे पेंड खाते.

गावातल्या एका वाचनालयात विचारले, तर ग्रंथपालांनी मोठ्या अगत्याने अँग्लो-मराठा युद्धांवरची तीन पुस्तके काढून दिली. त्यांचा तरी काय दोष? १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा आणि मिशनऱ्यांची मराठी छपाई नगर-मुंबईकडची. त्यातही नगरचा 'ज्ञानोदय' (१८४२) अमेरिकन मिशनचा, म्हणजे निराळ्याच पंथाचा. आपण मात्र साऱ्या पाद्र्यांची एकच मोट बांधतो. पुण्याच्या पंचहौद मिशनमधला १८९० चा चहा आणि त्यावरून टिळक-रानड्यांमागे लागलेले प्रायश्चित्ताचे झेंगट आपल्याला पाठ असते. तो चहा अँग्लिकन होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

मी भाचीला सांगितले, जाडजूड इतिहासापासून सुरुवात करू नकोस. आधी रमाबाईंचा पत्रव्यवहार घे. सिस्टर जेराल्डिन यांनी जपलेला, अ. भि. शहा यांनी संपादलेला हा इंग्रजी ग्रंथ आपल्याच राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या संस्कृतात काय उणे, असा रोकडा सवालही त्यात आहे! त्याच्या शेजारी १६६२ चे प्रार्थनापुस्तक उघडून ठेव. या पंथाला ल्यूथर किंवा कॅल्व्हिन यांच्यासारखा एकच आचार्य नाही; त्याची श्रद्धा बरीचशी त्याच्या प्रार्थनांतच शोधावी लागते.

त्या पुस्तकाच्या अखेरीस ३९ कलमे असतात. सहावे म्हणते, तारणाला लागणारे सारे बायबलात आहे. त्यात नसलेले कुणावर लादू नये. आठवे म्हणते, तीन प्राचीन श्रद्धापत्रके पूर्णपणे मान्य करावीत. त्यांतले एक अथनेशियसच्या नावाचे. त्रैक्य न मानणाऱ्याला तारण नाही असे बजावणारे. आता पत्रे वाचा. रमाबाईंचे म्हणणे सहाव्या कलमाच्या बाजूचे, सिस्टरांचे आठव्याच्या! भांडण बाईंनी आणलेले नव्हते, ते त्या चर्चच्या घरातच होते.

ते १८३३ पासून ऑक्सफर्डच्या चळवळीने पुन्हा पेटवले. चर्चची परंपरा आणि बिशपांचा अधिकार यांवर तिचा भर. वाँटेजचा मठ (१८४८) त्याच लाटेतला. हे सोप्या इंग्रजीत हवे असेल, तर स्टीफन नील यांचे 'अँग्लिकनिझम' (१९५८) वाचावे. नील स्वतः तिरुनेलवेलीचे बिशप होते, त्यामुळे हिंदुस्थान त्यांना परका नव्हता.

आणि नीळकंठशास्त्री गोरे यांना विसरून चालणार नाही. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ साली ख्रिस्ती झाला. शंकांनी तोही आयुष्यभर पोळला, पण अखेर परंपरेलाच धरून राहिला. आपल्या धर्मांतराचे श्रेय रमाबाई त्यांच्या लेखनाला देतात, आणि तरी वाट वेगळी धरतात. गार्डनरने लिहिलेले गोऱ्यांचे चरित्र (१९००) जुने असल्याने इंटरनेटवर फुकट मिळते. भाचीने ते मोबाइलवर उतरवून घेतले. डोळे बिघडतील म्हणून तिची आई रागावली, ते वेगळे.

पत्रव्यवहाराची प्रत सोलापूरच्या एका स्नेह्याकडे मिळाली. सरांनीही प्रकरण ठेवायला रुकार दिला आहे, चाळीस पानांच्या आत बसवण्याच्या अटीवर. अडले आहे ते मराठी प्रार्थनापुस्तकापाशी. १९७० साली इथले अँग्लिकन चर्च उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये मिसळले. जुन्या प्रती कुठे गेल्या देव जाणे. वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या माळ्यावर एखादी निघाली, तर रद्दीत घालू नका. साप्ताहिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. टपालखर्च आमचा.