दोन कुंड्या

गेल्या महिन्यात माहेरी जाऊन आले. घरातल्या वाचणाऱ्यांना तिथली हकिगत ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या भाच्याने एका शिबिराहून परत आल्यावर तिन्ही एकर उसाचे रासायनिक खत एकदम बंद केले. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असे जीवामृत मात्र नेमाने दिले. ऊस एकरी ४८ टनांवरून ३१ वर आला. सोसायटीचे कर्ज अंगावर राहिले. तेव्हापासून बापलेक एका पंगतीला बसतात, पण बोलत नाहीत. निरोप वहिनी पोचवते...

भाचा म्हणतो, "आत्या, त्या वर्षी पाऊस किती झाला! रानात पाणी साठलं होतं." दादा म्हणतो, खत नाही घातले म्हणून ऊस बसला. दोघांचेही खरे असेल. ठरवायचे कसे? जुन्या पद्धतीची एक सरीसुद्धा शेजारी ठेवलेली नाही!

मी बी.ए. मराठीची, पण लहान शाळेत बाईंना सगळेच शिकवावे लागते. पाचवीला विज्ञान माझ्याकडे असे. एक कुंडी उन्हात, एक अंधाऱ्या कपाटात; माती तीच, पाणी तेवढेच. दरवर्षी कोणीतरी विचारायचेच, "बाई, दुसरी कुंडी कशाला?" त्या प्रश्नातच सगळा धडा असायचा. शिबिरातल्या व्यासपीठावर मात्र दुसऱ्या कुंडीबद्दल कोणी बोलत नाही, आणि खतवाल्या दुकानदारालाही तिची गरज वाटत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेरविल येथे १९७८ पासून असा प्रयोग चालू आहे. सेंद्रिय आणि नेहमीची शेती, वाफ्याला लागून वाफा. २१ वर्षांचे आकडे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय वाफ्यांत उत्पन्न सरासरी २० टक्के कमी आले, पण खते आणि ऊर्जा मिळून ३४ ते ५३ टक्के कमी लागली, कीटकनाशके तर ९७ टक्के कमी. मातीत गांडुळे जास्त. म्हणजे 'काहीच कमी होत नाही' हेही खोटे आणि 'सेंद्रिय म्हणजे बुडीत धंदा' हेही खोटे. मात्र तिथे शेणखत पडते, पिकांची फेरपालट असते, मध्ये गवत-क्लोव्हरही येते. आपल्याकडे उसावर ऊस! तो २० चा आकडा आमच्या रानाला जसाच्या तसा कसा लावायचा? आमचा आकडा आमच्याच रानातून काढायला हवा.

हे काही मी नवे सांगत नाही. श्री. अ. दाभोलकर शिक्षकी पेशातले, विषय गणित. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच विचारावर, की शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा आणि जमलेले दुसऱ्याला सांगावे. द्राक्षबागायतदारांनी ते करून दाखवले. आपण मात्र प्रयोग सोडला आणि बाबा-महाराजांसारखे शेतीगुरू धरले. (हे वाचून काही जण रागावतील. रागवा बापडे!)

माझे मत असे की नव्या पद्धतीला आधी दहा गुंठेच द्यावेत. शेजारचे दहा गुंठे जुन्या पद्धतीने, बेणे एकच, लागणीचा दिवस एकच, पाणी तेवढेच, आणि दोन्हींचा खर्च वहीत. बुडाले तर दहा गुंठे बुडतील, घर बुडणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री भाच्याला हे सांगितले. तो गप्प होता, मान हलवली इतकेच. दादा ओसरीवर सुपारी कातरत होता. तिथूनच म्हणाला, "वजन वेगळं करायचं तर टोळीवाल्यांना मोळ्या वेगळ्या बांधायला लावायला पाहिजेत. ऐकतील का रे ते?"

ते "रे" माझ्यासाठी नव्हते.