बारेंड्रेख्तचे लोक अडाणी नव्हते

कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडायचा म्हटला की लोक आडवे येतात, कारण त्यांना विज्ञान कळत नाही, असा तज्ज्ञांचा आवडता पूर्वपक्ष आहे. त्यावरचा उताराही ठरलेला: पत्रके वाटा, सभा घ्या, प्रबोधन करा. या निदानातच खोट आहे.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला लागून बारेंड्रेख्त नावाचे गाव आहे. शेल कंपनीच्या पेर्निस येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातला हा वायू नळाने आणून या गावाखालच्या, नैसर्गिक वायू उपसून रिकाम्या झालेल्या थरांत भरायचा होता. शास्त्र कच्चे नव्हते. ज्या खडकाने लाखो वर्षे नैसर्गिक वायू कोंडून ठेवला, तो हाही कोंडून ठेवील, हा तर्क बिनतोड आहे; नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात समुद्रतळाखाली १९९६ पासून अशी साठवण चालू आहे. पण गावाचे प्रश्न खडकाबद्दल थोडेच होते? घरांच्या किमती पडल्या तर भरपाई कोण देणार? समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पहिला प्रयोग भर वस्तीखाली कशाला? यांची उत्तरे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात नसतात. नगरपालिकेचा विरोध बाजूला सारून २००९ मध्ये मंत्र्यांनी मंजुरी दिली, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारनेच, स्थानिक पाठिंबा नाही म्हणत, प्रकल्प गुंडाळला.

विरोधकांचेही सगळेच खरे नसते. कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून १९८६ मध्ये उसळलेल्या वायूने सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली, तसेच इथे होईल, ही भीती अनाठायी आहे. ते ज्वालामुखीच्या विवरातले सरोवर होते. खोल, बंदिस्त खडकाशी त्याची तुलना होत नाही.

नळाची भीती मात्र खरी आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया गावाजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये असा नळ फुटला. हवेपेक्षा जड वायू सखल भागात पसरला, ऑक्सिजनअभावी गाड्यांची इंजिने बंद पडली, माणसे रस्त्यात कोसळली. कोणी दगावले नाही, पण ४५ जणांना रुग्णालय गाठावे लागले. आणि तो वायू हवामान वाचवायला नव्हे, जमिनीतून आणखी तेल काढायला चालला होता! ‘हे सगळे कोणासाठी?’ असे विचारणाऱ्याला मग अज्ञानी कसे म्हणायचे?

समुद्राखालची साठवण महाग पडते, हा आक्षेप मान्य. पण त्याच डच सरकारच्या पाठबळाने रॉटरडॅमचा कार्बन आता उत्तर समुद्राखाली, किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर साठवण्याचा पोर्थोस प्रकल्प हाती घेण्यात आला. तंत्र तेच, जागा बदलली. म्हणजे बारेंड्रेख्तने मागितलेली गोष्ट अशक्य नव्हती.

दख्खनच्या काळ्या पाषाणात हा वायू मुरवता येईल का, याचा अभ्यास आपल्याकडेही झाला आहे. उद्या तशी योजना आली, तर जनसुनावणी जागा ठरण्याआधी व्हावी, अहवाल मराठीत मिळावा, गळतीची जबाबदारी किती वर्षे आणि कोणाची ते करारात लिहावे, आणि ग्रामसभेच्या नकाराला नकारच समजावे.