थोडा म्हणजे किती?

आमच्या वडोदऱ्याच्या घरी मीटरजवळच्या एका स्विचवर बाबांनी चिठ्ठी चिकटवली आहे : ‘हा बंद करू नये.’ का, ते लिहिलेलं नाही. त्यावरची पाण्याची मोटर कधीच काढून टाकली, पण स्विचला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. मी यावर हसायचो. मग ऑफिसात तेच केलं.

आमच्या यंत्रात लिनक्स चालतं. त्याचा कर्नल, म्हणजे गाभा, तयार करताना हजारो पर्याय चालू किंवा बंद ठरवावे लागतात. त्यातले टीपीएम या सुरक्षा चिपचे पर्याय लिहून ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. (विंडोज ११ हीच चिप मागतं, म्हणून नाव ऐकलं असेल.) ती गुप्त किल्ल्या सांभाळते आणि यंत्र सुरू होताना काय काय चाललं त्याचे ठसे जपते.

चिप वेगळी बसवलेली असेल, तर ती प्रोसेसरशी बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांमधून बोलते. यंत्र चोराच्या हाती लागलं, तर तो त्या रेषांना वायर जोडून बोलणं ऐकू शकतो, मध्येच बदलूही शकतो. २०२४ मध्ये लिनक्स ६.१० मध्ये यावर उपाय आला : टीपीएम२ एचमॅक नावाचा पर्याय. तो चालू केला की नाजूक मजकूर कुलूपबंद होऊन जातो आणि संदेशात ढवळाढवळ झाली तर कळतं. सोबतच्या माहितीत प्रामाणिकपणे म्हटलंय की यामुळे प्रत्येक व्यवहारावर थोडा भार पडतो.

माझ्या तक्त्यात मी तेवढंही लिहिलं नाही. ‘सुरक्षितता वाढते, चालू ठेवावा.’ झालं!

आमचं यंत्र प्रत्येक प्रोग्राम चालवण्याआधी त्याचा ठसा चिपमध्ये नोंदवतं. चिप मुळातच संथ. त्यात प्रत्येक नोंदीला हे जादा गणित. यंत्र सुरू व्हायला नको इतका वेळ लागू लागला. टीममधली नवी मुलगी दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसली. या पर्यायावर तिचा संशय होता, पण ‘सरांनी लिहिलंय चालू ठेवा’ म्हणून तिने विचारलंच नाही. हे ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं.

खुद्द कर्नलवाल्यांनीही हा पर्याय ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर आधी आपोआप चालू ठेवला होता. तक्रारी आल्यावर तो आपोआप बंद केला. तिथे कारण लिहून ठेवलेलं आहे, हे महत्त्वाचं.

आता आमच्या तक्त्यात पहिला प्रश्न आहे : चिप वेगळी की प्रोसेसरच्या आतली? आतली असेल तर बोर्डवर ऐकायला रेषाच नाहीत. मग हा भार कशासाठी? पुढे आमच्या बोर्डवर मोजलेले सेकंद, आणि निर्णय कुणी, कधी घेतला ते. तो तक्ता मी त्या मुलीकडूनच तपासून घेतला. तिने तीन ठिकाणी ‘का?’ लिहून परत पाठवला.

रविवारी बाबांना फोनवर म्हटलं, ‘‘ती चिठ्ठी काढा आता, मोटर गेली ना?’’

‘‘अरे, मोटर गेली,’’ बाबा म्हणाले, ‘‘पण त्याच लाइनवर आता तुझं वायफाय आहे.’’