नागिणीची लस आणि स्मृतिभ्रंश : एका जन्मतारखेचा पुरावा

वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून वृद्धांना नागिणीची लस मोफत मिळू लागली. ऐंशीनंतर त्या लसीचा उपयोग कमी होतो आणि पुरवठाही मर्यादित, म्हणून सरकारने जन्मतारखेची अट घातली. २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र. त्याआधी जन्मलेले कायमचे अपात्र. परिणामी, जेमतेम आठवडाभराच्या अंतराने जन्मलेल्यांमध्ये लस घेणाऱ्यांचे प्रमाण ०.०१ टक्क्यावरून थेट ४७.२ टक्क्यांवर गेले. सरकारी सोयीसाठी आखलेल्या या रेषेतूनच स्मृतिभ्रंशाबद्दलचा एक महत्त्वाचा पुरावा हाती आला आहे.

नागीण हा आजार नवा विषाणू अंगात शिरल्याने होत नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो पुन्हा डोके वर काढतो आणि शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. हा विषाणू चेतासंस्थेतच मुक्काम करतो, त्यामुळे मेंदूच्या आजारांशी त्याचा काही संबंध असेल का, ही शंका संशोधकांना बरीच वर्षे होती. लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे काही अभ्यास सांगतही होते.

पण अशा निरीक्षणांवर विसंबणे धोक्याचे. आपणहून लस घेणारे लोक बहुधा अधिक शिकलेले, फिरायला जाणारे, वेळेवर तपासण्या करणारे असतात. मग फायदा लसीचा की त्या राहणीमानाचा, हे कसे ठरवायचे? रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे निरीक्षणांवरून अनेक वर्षे मानले जात होते. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ते खोटे ठरले आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला.

या अडचणीवरचा उपाय मानसशास्त्रातून आला. १९६० मध्ये डोनाल्ड थिसलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या गुणवत्ता पुरस्कारांचा परिणाम तपासताना एक साधी युक्ती वापरली. पुरस्काराच्या गुणांची मर्यादा थोडक्यात ओलांडणारा आणि थोडक्यात हुकणारा, या दोघांत मुळात फारसा फरक नसतो. त्यामुळे पुढे त्यांच्या वाटचालीत फरक पडलाच, तर तो पुरस्कारामुळे. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी ही पद्धत घासूनपुसून घेतली आणि आता ती वैद्यकात रुळते आहे.

वेल्समध्ये गुणांच्या जागी जन्मतारीख होती. १ सप्टेंबरला जन्मलेली आजी आणि २ सप्टेंबरला जन्मलेली आजी यांच्या शिक्षणात, आहारात वा रक्तदाबात सरासरी फरक असण्याचे कारण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पास्कल गेल्डसेट्झर आणि सहकाऱ्यांनी २,८०,००० हून अधिक वृद्धांच्या आरोग्यनोंदी तपासल्या. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे नवे निदान सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. शंभर जणांमागे हा फरक साडेतीन जणांचा. स्त्रियांमध्ये परिणाम अधिक ठळक दिसला. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील नोंदींचा याच धर्तीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष त्याच दिशेचा होता.

तरीही लगेच हुरळून जाण्याचे कारण नाही. हे घडते कसे, हे अजून उलगडलेले नाही. विषाणू पुन्हा जागा न झाल्याने मेंदूला होणारा त्रास टळतो की लसीमुळे एकूण प्रतिकारशक्तीलाच वळण लागते, दोन्ही शक्यता आहेत. शिवाय वेल्समध्ये दिली गेली ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची जुनी लस होती. भारतात २०२३ पासून मिळणारी दोन डोसांची लस वेगळ्या तंत्राने बनते. नागीण रोखण्यात ती जुनीपेक्षा सरस आहे, पण जुन्या लसीचा आकडा जसाच्या तसा तिला चिकटवता येणार नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. अशा घरात चोवीस तासांची सोबत बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी करते. नागिणीची लस मात्र सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही आणि खासगीत तिला हजारो रुपये मोजावे लागतात. ज्यांना परवडते, त्यांनी पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी. पण नागीण आणि तिच्यामागून महिनोन्‌महिने रेंगाळणारी ठणक टाळण्यासाठी. स्मृतिभ्रंशापासून संरक्षण मिळाले, तर तो वरचा लाभ समजावा. ज्यांना परवडत नाही, त्यांनी हताश होऊ नये. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावणे यांनीही स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो.

नागीण झालीच, तर ती उतरवून घेण्यात किंवा काव लावण्यात दिवस घालवू नयेत. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. खरा धोका उशिराचा आहे. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

धोरणकर्त्यांसाठीही यात धडा आहे. वेल्समध्ये प्रत्येकाच्या दवाखान्यातील नोंदी एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणून हा प्रयोग जवळजवळ फुकटात झाला. आपल्या योजनांतही अशा रेषा आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे कवच मिळते. सत्तरीच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांची तुलना केली, तर त्या कवचाने नेमके काय साधले ते कळेल. त्यासाठी केसपेपर रद्दीत जाता कामा नये.